प्रोजेक्ट रिपोर्ट: मांडणी तज्ज्ञाची, आकडे तुमचे

इंदूरमध्ये धंद्यासाठी कर्ज काढायचं म्हटलं की घरातलं कुणीतरी सांगतंच, "आधी सीएकडून प्रोजेक्ट बनवून घे." मग ओळखीतून एक सीए गाठला जातो, आधार-पॅनच्या झेरॉक्स दिल्या जातात आणि आठवड्याभरात स्पायरल बाइंडिंगची एक जाडजूड चोपडी हातात येते. अर्जदार ती तशीच बँकेत नेऊन ठेवतो. मॅनेजर दोन-चार पानं उलटतो आणि सहज विचारतो, "बेसन का भाव क्या पकड़ा है इसमें?" अर्जदार चोपडीकडे बघतो, मग सीएला फोन लावतो. प्रकरण इथून रेंगाळायला लागतं.

रिपोर्ट तज्ज्ञाकडून करून घेण्यात काहीच गैर नाही. उलट ज्याला ताळेबंद मांडता येत नाही त्याने तो घ्यावाच. पण तज्ज्ञाकडून नेमकं काय घ्यायचं आणि काय स्वतःच आणायचं, याची वाटणी आधी डोक्यात पक्की हवी. बेसनाचा भाव, रोजचं उत्पादन, दुकानदार किती दिवसांनी पैसे देतो, भाडं, मजुरी हे सगळे आकडे तुमचे. त्या आकड्यांवरून पाच वर्षांचा नफा-तोटा, ताळेबंद आणि रोखीचा प्रवाह काढणं हे तज्ज्ञाचं काम. तिसरी गोष्ट म्हणजे बँकेला किंवा योजनेला जो नमुना लागतो त्यात हे बसवणं, तेही त्याचंच. गडबड होते ती पहिलं कामही त्याच्यावर सोपवल्यामुळे. त्याला तुमच्या धंद्याचे आकडे माहीत नसतात, मग तो मागच्या कुठल्यातरी रिपोर्टमधले उचलतो. धुळ्याच्या मसाला युनिटचं वीजबिल इंदूरच्या सांवेर रोड औद्योगिक भागातल्या शेव युनिटला लागतं, ते असं.

बँक काय वाचते

रिपोर्टमध्ये दोन भाग असतात. पुढचा मजकुराचा: प्रवर्तक कोण, शिक्षण-अनुभव काय, माल कोणता, ग्राहक कोण, जागा कुठे, यंत्रं कोणती, परवाने कोणते. मागचा आकड्यांचा: प्रकल्पाचा खर्च, पैसे कुठून येणार, उत्पादन आणि विक्रीचा अंदाज, नफा-तोटा, ताळेबंद, हप्त्यांचं वेळापत्रक, ब्रेक-इव्हन (ना नफा ना तोटा होईल एवढी विक्री) आणि डीएससीआर (हप्त्याच्या किती पट पैसा हातात राहतो). कर्ज मंजूर करणारा अधिकारी बहुधा मागून वाचायला सुरुवात करतो. मजकुराच्या भागात "भारतीय खाद्यप्रक्रिया उद्योगाचं उज्ज्वल भविष्य" यावर चार पानं भरलेली असली तर ती कुणी वाचत नाही. ती काढून त्याजागी तुम्ही ज्यांना माल देणार आहात त्या दुकानांची आणि वितरकांची यादी लावली तर अधिकारी तिथे थांबतो. दोन-तीन जणांकडून लेटरहेडवर "महिन्याला अमुक किलो माल घेऊ" असं पत्र मिळालं तर फारच चांगलं.

मोठ्या कर्जाला, विशेषतः कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलासाठी ठरलेल्या मर्यादेपर्यंत काढता-भरता येणारं कर्ज) असेल तर, बँक सीएमए डेटा मागते. हे सहा तक्ते असतात: सध्याची कर्जं, नफा-तोटा, ताळेबंदाचं विश्लेषण, चालू मालमत्ता आणि देणी, खेळत्या भांडवलाची बँकेने द्यायची कमाल रक्कम, आणि निधीचा ओघ. छोट्या मुद्रा कर्जाला एवढं लागत नाही. मुद्रात शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत आणि आधीचं तरुण कर्ज नीट फेडलेल्यांसाठी तरुण प्लस २० लाखांपर्यंत. शिशुसाठी कुणी पूर्ण प्रोजेक्ट रिपोर्टचे पैसे मागत असेल तर सरळ उठून यावं.

एक हिशेब, शेवटपर्यंत

समजा, सांवेर रोडवर भाड्याच्या शेडमध्ये शेव-नमकीनचं छोटं युनिट टाकायचं आहे. पुढचे आकडे पद्धत कळावी म्हणून घेतले आहेत. भाव रोज बदलतात, तुमचे तुम्ही सियागंजात आणि छावनी मंडीत फिरून लिहून आणायचे.

पीठ मळायचं यंत्र, शेव पाडायचं यंत्र, कढई, मसाला ड्रम आणि पॅकिंग मशीन मिळून १४ लाख. वायरिंग, गॅसलाइन, बसवणी २ लाख. शेडची दुरुस्ती आणि सुरुवातीचा किरकोळ खर्च २ लाख. म्हणजे स्थिर खर्च १८ लाख. यातले २५ टक्के, साडेचार लाख, तुमचे आणि साडेतेरा लाख मुदत कर्ज.

आता उत्पादन. आठ तासांच्या पाळीत २५० किलो आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर पूर्ण क्षमता ७५,००० किलो. पहिल्या वर्षी ६० टक्के धरू, म्हणजे ४५,००० किलो, रोजचे दीडशे किलो. घाऊक भाव सरासरी १८० रुपये धरला तर विक्री ८१ लाख.

किलोमागे खर्च असा: ६५० ग्रॅम बेसन ९५ रुपयांनी ६२ रुपये, ३५० ग्रॅम तेल १४५ रुपयांनी ५१ रुपये, मसाले ८, पॅकिंग ८, गॅस आणि वीज ९. एकूण १३८. किलोमागे उरले ४२ रुपये. ४५,००० किलोंवर ते होतात १८.९० लाख. यातून ठरलेला खर्च वजा करायचा: भाडं महिना २५ हजार म्हणजे वर्षाला ३ लाख, चार कामगार १४ हजारांनी ६.७२ लाख, देखभाल-फोन-हिशेबनीस वगैरे दीड लाख. बेरीज ११.२२ लाख. हाती राहिले ७.६८ लाख.

खेळतं भांडवल किती, हा पुढचा प्रश्न. इथे दोन वाटा आहेत. पहिली, छोट्या उद्योगांच्या कर्जाचा विचार करणाऱ्या नायक समितीची: वर्षाच्या अंदाजित विक्रीच्या २५ टक्के गरज धरायची, त्यातले २० टक्के बँक देते, ५ टक्के तुम्ही घालता. ८१ लाखांवर बँकेचे होतात १६ लाख २० हजार. दुसरी वाट खरी गरज मोजण्याची. कच्चा माल ७ दिवसांचा, तयार माल ८ दिवसांचा, दुकानदारांची उधारी २० दिवसांची, म्हणजे पैसा ३५ दिवस अडकतो. ८१ लाखांना ३६५ ने भागून ३५ ने गुणलं तर पावणेआठ लाख येतात, आणि तेही सगळं विक्रीच्या भावाने धरून. यातले ६ लाख कॅश क्रेडिट, पावणेदोन लाख स्वतःचे. सूत्रात १६ लाख बसतात म्हणून १६ लाख मागणारा सल्लागार तुमचं भलं करत नाही. वरचे दहा लाख शेवेत जात नाहीत, घराच्या फरशीत नाहीतर भाच्याच्या लग्नात जातात, आणि व्याज मात्र शेवेला लागतं.

प्रकल्पाचा एकूण खर्च झाला पावणेसव्वीस लाख: कर्ज साडेएकोणीस, स्वतःचे सव्वासहा.

साडेदहा टक्के व्याज आणि पाच वर्षांची फेड धरली तर मुदत कर्जाचं मुद्दल वर्षाला २.७० लाख आणि पहिल्या वर्षाचं व्याज साधारण १.३० लाख, मिळून ४ लाख. कॅश क्रेडिटचं व्याज ६३ हजार. हातातल्या ७.६८ लाखांतून हे ६३ हजार वजा केले तर ७.०५ लाख. त्याला ४ लाखांनी भागायचं: १.७६. हाच डीएससीआर. म्हणजे एक रुपया हप्त्यासाठी हातात एक रुपया शहात्तर पैसे आहेत. बँकांना साधारण सरासरी दीडच्या आसपास आणि कुठल्याही वर्षी सव्वाच्या खाली न जाणारा आकडा आवडतो. कागदावर प्रकरण उत्तम.

पण मालकाचं घर कशावर चालणार? प्रोप्रायटरशिपमध्ये मालकाला पगार नसतो, तो उचल करतो, आणि उचल नफा-तोट्यात येत नाही. महिन्याला २५ हजार घरी लागत असतील तर वर्षाचे ३ लाख गेले. ७.०५ मधून ३ वजा, राहिले ४.०५, भागिले ४. डीएससीआर १.०१. एका ओळीने प्रकरण काठावर आलं. घरात दुसऱ्या कुणाचा पगार येत असेल तर तो रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहावा. येत नसेल तर उचल धरूनच हिशेब करावा. बरेच रिपोर्ट ही ओळ गाळतात, आणि जाणता अधिकारी नेमकं तेच विचारतो, "घर का खर्चा?"

आता भाव हलवून बघा. बेसन किलोमागे १० रुपयांनी चढलं आणि तुम्हाला भाव वाढवता आला नाही, तर शेवेच्या किलोमागे साडेसहा रुपये गेले, वर्षाचे २ लाख ९२ हजार. उचल न धरताही डीएससीआर १.०३ वर येतो. डाळ आणि तेल यांचे भाव वर्षात एवढे हलणं काही अघटित नाही. म्हणून रिपोर्टमध्ये एक पान "भाव वाढला तर" आणि एक "विक्री घटली तर" असं असावंच. ते असलं की अधिकाऱ्याला भीती वाटेल असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात त्याला ते पान स्वतःलाच करावं लागतं, तुम्ही केलंत तर त्याचं काम वाचतं.

ब्रेक-इव्हनही याच आकड्यांतून निघतो. ठरलेला खर्च ११.२२ लाख, दोन्ही व्याजं १.९३ लाख, घसारा १५ टक्क्यांनी २.७० लाख, एकूण १५.८५ लाख. त्याला ४२ ने भागलं की ३७,७०० किलो, म्हणजे क्षमतेच्या निम्म्याला. रोजचे सव्वाशे किलो विकले गेले नाहीत तर तोटा. "ब्रेक-इव्हन ५०.३ टक्के" यापेक्षा "रोज सव्वाशे किलो" हे लक्षात ठेवावं, कारण संध्याकाळी शटर ओढताना तुम्ही किलोच मोजणार असता.

जिथे रिपोर्ट फसतो

पहिलं वर्ष बारा महिन्यांचं धरलेलं असतं. कर्ज ऑगस्टात मंजूर, यंत्रं ऑक्टोबरात, वीज नोव्हेंबरात, आणि विक्री मात्र रिपोर्टमध्ये एप्रिलपासून. नमकीनवाल्याची दिवाळी अशा वेळी हातची जाते. पहिल्या वर्षात प्रत्यक्ष चालणारे महिनेच धरावेत आणि मुद्दलाला तेवढे महिने सवलत मागावी. सवलतीच्या काळातही व्याज चालूच राहतं, ते खर्चात धरलं आहे ना, हे बघावं.

यंत्राची क्षमता विक्रेत्याच्या पत्रकावरून उचललेली असते. शेव पाडायचं यंत्र तासाला १०० किलो काढत असेलही, पण पॅकिंग मशीन मिनिटाला ४० पुड्या भरतं आणि तुम्ही पाच रुपयांची २० ग्रॅमची पुडी काढणार असाल, तर तासाला ४८ किलोच बाहेर पडतो. २५० किलोंना पाच तासांहून जास्त लागले, त्यात रोल बदलणं आणि सील बिघडणं धरलेलं नाही. सगळ्या ओळीचा वेग सर्वात मंद यंत्राएवढा असतो. यंत्रविक्रेता रिपोर्ट फुकट करून देतो म्हणाला तर घ्यावा जरूर, पण त्यातला क्षमतेचा आकडा तपासून. तो रिपोर्ट विकत नाही, यंत्र विकतो.

जीएसटीचा खड्डा मात्र जाणत्यांनाही दिसत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून नमकीनवर ५ टक्के आहे, यंत्रांवर १८ टक्के. १४ लाखांच्या यंत्रांवर २ लाख ५२ हजार कर भरावा लागतो. तो पुढे विक्रीच्या करातून वळता होतो, म्हणून बँका बऱ्याचदा तो प्रकल्पखर्चात धरत नाहीत. पण विक्रेत्याला तो आजच द्यायचा असतो. तुमची विक्री ८१ लाख असली तर वर्षाचा कर ४ लाख ५ हजार, त्यातून तेल आणि पॅकिंगवर भरलेला कर वजा जातो, म्हणजे यंत्रांवरचा कर पूर्ण वळता व्हायला वर्षाहून जास्त लागतं. सव्वासहा लाखांची तयारी करून बसलेल्या माणसाला प्रत्यक्षात पावणेनऊ लाख लागतात. हे अडीच लाख कुठून येणार, ते रिपोर्ट लिहितानाच ठरवा.

विजेचंही तसंच. यंत्रांच्या मोटारींची अश्वशक्ती बेरजेने काढून शेडचा मंजूर भार तेवढा आहे का, ते पोलोग्राउंडच्या वीज कंपनीच्या कार्यालयातून किंवा तुमच्या झोनमधून पाहून घ्यावं. भार वाढवायला अनामत आणि वेळ दोन्ही लागतात. शेडमालक "हो जाएगा" म्हणतो, तो आकडा नव्हे.

कोटेशनवर विक्रेत्याचा जीएसटी नंबर, यंत्राचं मॉडेल, तारीख आणि मुदत हवी. बँक यंत्राचे पैसे थेट विक्रेत्याच्या खात्यात टाकते, तुमचा हिस्सा आधी भरून घेऊन. फुगवलेलं कोटेशन आणून आपला हिस्साच वाचवायचा सल्ला कुणी देत असेल तर तो माणूस बदलावा. पुढे यंत्र बघायला बँकेचा माणूस येतो तेव्हा सही तुमची असते, त्याची नसते.

अनुदान पहिल्याच वर्षी उत्पन्नात दाखवणं ही तर नेहमीची चूक. पीएमईजीपीचं (नव्या छोट्या उद्योगांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेचं) अनुदान तुमच्या हातात येत नाही. ते बँकेत तीन वर्षं मुदत ठेवीत राहतं. त्या रकमेवर तुम्हाला व्याज मिळत नाही, आणि तेवढ्या कर्जावर बँकही व्याज लावत नाही. युनिट चालू असल्याची तपासणी झाल्यावर ते कर्जात वळतं होतं. त्यामुळे ताळेबंदात ते वेगळं दिसायला हवं.

मदत कुठे मिळते

सगळ्यात आधी फुकट मिळणारी. पोलोग्राउंडला जिल्हा व्यापार आणि उद्योग केंद्र आहे, तिथेच केंद्र सरकारचं एमएसएमई विकास कार्यालयही आहे, आणि असोसिएशन ऑफ इंडस्ट्रीज मध्यप्रदेशचं उद्योग भवनही त्याच भागात. एका सकाळीत तिन्ही होतात. उद्योग केंद्रात योजना कळतात, असोसिएशनमध्ये धंदा करणारी माणसं भेटतात. दुसरं जास्त कामाचं. यंत्राबद्दल तांत्रिक शंका असेल तर सांवेर रोडवर इंडो-जर्मन टूल रूम आहे. पीएमईजीपीच्या पोर्टलवर खादी आयोगाचे नमुना रिपोर्ट मिळतात. त्यातली मांडणी घ्या, आकडे घेऊ नका.

खाण्याच्या वस्तूंचं छोटं युनिट असेल तर २०२० साली सुरू झालेली पीएमएफएमई योजना बघाच. यंत्रं आणि तांत्रिक बांधकामावर ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान. आणि या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे तिच्यात डीआरपी असतो. हा जिल्ह्यासाठी नेमलेला जाणकार तुमचा रिपोर्ट तयार करायला मदत करतो, बँकेशी पाठपुरावा करतो, आणि त्याचं मानधन योजना देते, तुम्ही नाही. मध्यप्रदेशात ती उद्यानिकी विभागाकडे आहे. डीआरपीने तुमच्याकडे वेगळी फी मागितली तर कार्यालयात विचारा.

पीएमईजीपीत उत्पादनासाठी प्रकल्पखर्च ५० लाखांपर्यंत आणि सेवेसाठी २० लाखांपर्यंत चालतो. सर्वसाधारण गटाला शहरात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग वगैरे विशेष गटांना २५ आणि ३५. स्वतःचा हिस्सा सर्वसाधारण गटाला १० टक्के, विशेष गटांना ५. युनिट नवं हवं, दुसऱ्या सरकारी योजनेतून अनुदान घेतलेलं यात बसत नाही. आणखी एक अट फारशी कुणी सांगत नाही: तीन वर्षांत कॅश क्रेडिट एकदा तरी पूर्ण मर्यादेपर्यंत वापरलं गेलं पाहिजे आणि वापर ७५ टक्क्यांच्या खाली नको, नाहीतर त्या प्रमाणात अनुदान परत जातं. फुगवून मागितलेल्या लिमिटचा आणखी एक तोटा हा. राज्याच्या मुख्यमंत्री उद्यम क्रांती योजनेत रोख अनुदान नाही, व्याजात ३ टक्के सवलत आहे, सात वर्षांपर्यंत. योजनांच्या अटी आणि मुदती बदलत राहतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी पोर्टलवर जे दिसेल तेच खरं.

पैसे देऊन मदत घ्यायची तर सीए, निवृत्त बँक अधिकारी आणि प्रोजेक्ट सल्लागार असे तीन पर्याय. सीए ताळेबंद आणि कर यात पक्का, पण कामाच्या मोसमात त्याच्या ऑफिसातला आर्टिकलशिपचा, म्हणजे शिकाऊ, मुलगा रिपोर्ट करतो. रिटर्न भरायच्या दिवसांत जाऊ नका. निवृत्त अधिकाऱ्याला फाइल कुठे अडते ते बरोबर कळतं. छोट्या कर्जाला, माझ्या मते, अशा माणसाचे दोन तास आणि तुमच्या सीएची मांडणी एवढं पुरतं. "शंभर टक्के सँक्शन" म्हणणाऱ्याकडून काहीच घेऊ नये. उद्यम नोंदणीचे (छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचे) पैसे मागणाऱ्याकडूनही नाही. ती पोर्टलवर आधारने फुकट होते.

काम देताना काय ठरवायचं

सगळं एका कागदावर किंवा निदान व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. कोणते तक्ते मिळणार, किती वर्षांचे, बँकेने शंका काढल्या तर किती वेळा दुरुस्ती फुकट. फी टप्प्यांत द्या: थोडी सुरुवातीला, मोठा भाग कच्चा मसुदा हातात आल्यावर, शेवटचा भाग बँकेच्या पहिल्या शंकांची उत्तरं दिल्यावर. पीडीएफवर समाधान मानू नका. सूत्रांसकट एक्सेल फाइल मागा आणि ती समोर उघडून बेसनाचा भाव ९५ वरून १०५ करून बघा. डीएससीआर आपोआप बदलला तर हिशेब खरा आहे. बदलला नाही तर आकडे हाताने टाइप केलेले आहेत, आणि बँकेने एक आकडा बदलायला सांगितला की सगळा रिपोर्ट पुन्हा करावा लागेल.

त्याच बैठकीत आणखी एक तपासणी करा. प्रत्येक वर्षाच्या ताळेबंदातलं कर्ज हप्त्यांच्या तक्त्यातल्या शिल्लक कर्जाशी जुळतं का? पाचव्या वर्षाच्या शेवटी मुदत कर्ज शून्य दिसलं पाहिजे. विक्री दरवर्षी नेमकी दहा टक्क्यांनी वाढते आणि मजुरी पाच वर्षं तीच राहते, असं असेल तर कारण विचारा. ओटीपी, कोरे सही केलेले चेक, पोर्टलचा पासवर्ड कुणालाही देऊ नका, ओळखीचा असला तरी. आणि पहिल्या भेटीआधीच आपला क्रेडिट रिपोर्ट काढून ठेवा. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. जुन्या मोबाइलच्या हप्त्याची थकबाकी निघाली तर ती आधी निस्तरायची, कारण चांगल्या रिपोर्टनेही ती झाकली जात नाही.

सीएच्या सहीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. सही म्हणजे "एवढा नफा होईल" ही हमी नव्हे. १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्यानुसार, भविष्यातल्या कमाईच्या अंदाजाची खात्री आपण देतो आहोत असा समज होईल अशा रीतीने सीएने आपलं नाव वापरू देणं हे गैरवर्तन ठरतं. त्यामुळे शहाणा सीए रिपोर्टवर "गृहीतकं अर्जदाराने पुरवलेली" असं लिहितो. ते वाचून नाराज होऊ नका. उलट असं न लिहिणाऱ्याबद्दल शंका घ्या. प्रमाणपत्र जोडलं असेल तर त्यावर यूडीआयएन, म्हणजे त्या प्रमाणपत्राचा अठरा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, असतो. तो इन्स्टिट्यूटच्या पोर्टलवर टाकला की प्रमाणपत्र खरं आहे की नाही ते कळतं. बँका तो तपासतात.

अर्ज दिल्यावर

अर्ज देताना पोचपावती घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या २५ लाखांपर्यंतच्या अर्जावर, कागद पूर्ण असतील तर, १४ कामकाजाच्या दिवसांत निर्णय व्हावा असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. "कागद पूर्ण" यातच सगळी गोम असते, म्हणून काय-काय दिलं त्याच्या यादीवर बँकेचा शिक्का घ्या. तारण नसेल तर सीजीटीएमएसईच्या (विनातारण कर्जासाठी बँकेला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टच्या) हमीखाली प्रकरण करा असं स्वतःहून सांगा. तिची फी खर्चात धरलेली असावी.

मुलाखतीला सल्लागाराला सोबत नेलंत तरी उत्तरं तुम्हीच द्या. रोज किती किलो, किलोमागे काय उरतं, हप्ता किती, बेसन चढलं तर काय, घर कशावर चालतं, एवढं न बघता सांगता आलं तर बाकीचं कागद सांभाळतात.

नकार आला तर कारण लेखी मागा. दुसऱ्या बँकेत जाताना तेवढंच दुरुस्त करा, सगळा रिपोर्ट नव्याने रचू नका. पहिल्या बँकेची चौकशी तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसत असते, आणि दुसऱ्या मॅनेजरने जुनी फाइल बघायला मागितली तर ८१ लाखांची विक्री एका महिन्यात सव्वा कोटी कशी झाली, याचं उत्तर कुठल्याच सल्लागाराकडे नसतं.